खांद्यावरचा हात

सहाशे मीटर कापड, लुसाकाहून ट्रकने आलेलं.
हिरव्या जमिनीवर पिवळी मक्याची कणसं
आणि दर हातभर अंतरावर ते दोघे :
पुढे एवारिस्तो कापाम्ब्वे, उमेदवार, नवा टाय,
मागे पांढऱ्या सुटात प्रॉफेट ओबेद सिंकाला.
प्रॉफेटचा उजवा हात उमेदवाराच्या खांद्यावर.

चितेंगे म्हणतात याला आमच्या किटवेत.
बाई कमरेला गुंडाळते, त्यातच पोर पाठीशी बांधते,
जमिनीवर अंथरून त्यावर टोमॅटो मांडते,
आणि निवडणूक आली की फुकट मिळतं म्हणून
कुणाचाही चेहरा नेसते.

ऑर्डर मोठी होती, निम्मे पैसे आगाऊ.
मी मोजले, आणि दशमांश बाजूला काढला
प्रॉफेटच्याच चर्चसाठी.
खोटं कशाला बोलू.

मग रेडिओवर ती जुनी टेप लागली.
खाणीतली पाळी सुटली होती, बाजार भरलेला,
आणि प्रत्येक दुकानातून एकच आवाज :
'गोळ्या काफुएत सोडा. ज्याला विश्वास आहे
त्याला दवाखाना कशाला?'
त्यामागे शेकडो लोकांचं आमेन.
त्यातलं एक, जरा उशिरा आलेलं, घोगरं,
माझं.
माझ्या शेजारी तेव्हा बुपे उभी होती, माझी धाकटी बहीण.
तिचं आमेन टेपमध्ये ऐकू येत नाही. ती हळूच बोलायची.
पावसाळ्याआधी तिला पुरलं,
मळीच्या काळ्या डोंगरापलीकडे.

दुसऱ्या दिवशी उमेदवार म्हणाले,
मी त्यांना फारसा ओळखत नाही.
चर्चला हजार माणसं येतात, फोटो कुणीही काढतं.
हात झटकले.

रात्री त्यांचा पोरगा आला, मोबाईलचा उजेड पाडत.
'म्हातारा कापून टाका. सकाळी सभा आहे.'

चेहरा कापणं सोपं असतं.
कात्री कानाशी घालायची, हनुवटीखालून वळवायची.
पांढरा सुटही निघाला, मक्याच्या कणसांसकट.
पण हात!
तो कापायचा तर उमेदवाराचा खांदा जातो,
खांदा गेला तर टाय लोंबकळतो नुसता हवेत.
पोराला म्हटलं, झटकून बघ तूच.
तो हसला नाही.
म्हणाला, झालर लावा.

मग झालर लावली, पहाटेपर्यंत, तिघी जणींनी.
बाकीच्या दोघींनी दुहेरी शिवण घातली.
मी कच्चा टाका घातला.
घाई होती, म्हणा.

सभेत बाया नाचल्या. कमरा हलल्या, धूळ उडाली,
आणि मी शिवलेल्या प्रत्येक झालरीखालून
हळूहळू बाहेर आली चार बोटं,
लग्नातल्या जाड अंगठीसकट.
उमेदवार व्यासपीठावरून हात हलवत होते.
खाली त्यांच्या खांद्यावर तीनशे वेळा
दुसऱ्याचा हात.

ते निवडून आले की पडले, ते तुम्ही विचाराल.
मला विचाराल तर सांगते,
टोपलीभर प्रॉफेट उरले होते दुकानात.
टोमॅटोवालीने काही नेले, फळं पुसायला.
पोरांनी चेंडूत कोंबले.
एक मी ठेवला, का ते माहीत नाही.
तो मशीनच्या तेलाचे डाग टिपतो.

आणि खात्याच्या वहीत, चार वर्षांपूर्वीच्या पानावर,
माझ्याच अक्षरात एक ओळ आहे :
सुट एक, पांढरा, मापं प्रॉफेटची.
पैसे देणार : ए. कापाम्ब्वे.
निम्मे आले. निम्मे बाकी.

पोरगा त्या रात्री वहीही मागत होता.
म्हटलं, उंदरांनी खाल्ली.